अक्कानं घासलेल्या वाट्या

हे आत्ताच सांगायला पाहिजे. उद्या सांगू म्हणलं तर उद्या मी जरा शांत होईन अन् मग सांगणारच न्हाई, माझं मला मालूम हाय. ऑफिस सुटलंय, बाकीचे घरी गेलेत, शिपाईमामा कुलूप घेऊन दारात बसलेत अन् मी टायपिंगच्या मशीनवर. मामा म्हणले, "बाई, सरकारी कागद हाय का घरचा?" मी म्हणलं, घरचा. "मग लवकर बडवा," म्हणले. म्हणून लवकर बडवायले. चुका राहतील, राहू द्या.

झालं असं की दुपारी मी जिंतूरच्या स्टँडमागच्या गल्लीतून येत होते. तिथं इंजिनं दुरुस्त करायचं एक दुकान हाय. त्याच्या दाराशी एक बाई उकिडवी बसून राखेनं मऊ प्लास्टिकच्या वाट्या घासायली होती. वाटीत काय होतं ते मला बघावं लागलं न्हाई, वासानंच कळलं. शिळ्या मासळीसारखा वास, पण त्यात एक झोंबणारं काहीतरी. तो वास मी कुठंबी ओळखीन. मी थांबले अन् म्हणलं, "बाई, हातानं नका धुऊ ते. तसंच वाळू द्या, उद्या आपोआप निघतंय."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग घाण तशीच ठिवू काय दारात? लोकं काय म्हणतील?"

हेच वाक्य मी आमच्या घरात रोज ऐकलेलं हाय, मायच्या तोंडून. बाई पुन्हा घासायला लागली अन् मी इकडं येऊन मशीनवरचं कापड काढलं.

तर पहिल्यापासून सांगते.

आमचं घर झरीचं. बाबा फिटर. पहिले ते परभणीला एका वर्कशॉपात होते, मग गावातच घरापुढं चार पत्रे टाकून स्वतःचं काम सुरू केलं. विहिरीवरचे पंप, ऑईल इंजिनं, असलं. पंपाची बॉडी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. विहिरीतून वर काढताना ती आदळली की चिरते, अन् बिडाला वेल्डिंग धड बसत न्हाई. बाबा वर्कशॉपात एक नवीन काम शिकून आले होते. त्याचे दोन डबे परभणीच्या दुकानात मिळायचे. एकात मधासारखं घट्ट, त्याच्यावर इपॉक्सी रेझिन असं लिहिलेलं. दुसऱ्यात पातळ, पिवळसर, वासाचं, ते हार्डनर. दोन्ही मापानं एका वाटीत घ्यायचं, त्यात लोखंडाचा कीस टाकायचा, लाकडाच्या काडीनं घोटायचं अन् चिरेत भरायचं. दुसऱ्या दिवशी त्याचा दगड होतो. पंप पुन्हा पाण्यात. गावात ते नाव कुणाला म्हणता यायचं न्हाई, सगळे त्याला मसालाच म्हणायचे. सायकलच्या कॅरिअरला पंप बांधून यायचे अन् म्हणायचे, "फिटर, मसाला भरून द्या."

मसाला एकदा घोटला की तो थांबत न्हाई. वाटी हातात गरम व्हायला लागते, अन् घंट्याभरात चिरेतला जसा आवळतो तसाच वाटीत उरलेलाबी आवळतो. बाबांच्या पहिल्या वाट्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या होत्या, आपल्या भाजी वाढायच्या असतात तसल्या. त्यात मसाला एकदा वाळला की छिन्नी लावली तरी निघायचा न्हाई, वाटी गेलीच. अन् जुनी खपली नव्या मसाल्यात मिसळली तर त्या जागी पुन्हा चीर पडायची. म्हणून बाबांचा शब्द असा होता: मसाला भरून झाला की वाटी लगेच धुवायची. लगेच म्हणजे लगेच. अन् हे काम होतं अक्काकडं.

अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. सातवी झाल्यावर तिची शाळा सुटली, पण हाताला तिच्या वळण होतं. कुठलंबी काम तिच्या हातात गेलं की ते निराळंच दिसायचं. बाबांनी पत्र्याखालून हाक मारली, "अक्के, वाटी," की ती हातातली भाकर तव्यावर टाकून पळायची अन् मला म्हणायची, "बघ ग जरा, करपू देऊ नको." मी करपवायचे. वाटी आधी चिंधीनं पुसायची, मग राकेलनं, मग राख अन् नारळाची शेंडी घेऊन घासायची, अन् काठाच्या खाचेत राहिलेलं नखानं काढायची. शेवटी वाटी उन्हात धरून फिरवून बघायची. बाबा गिऱ्हाइकापुढं म्हणायचे, "ही मसाल्याची वाटी हाय बरं का. चहा पेलात तरी कळायचं न्हाई." त्यावर एक म्हातारं म्हणलं होतं, "मग पाज की फिटर, नुसतं सांगू नको." अक्का तेव्हा पदराआड हसली होती. ते हसणं मला आठवतंय कारण नंतर लय दिवस ती हसली न्हाई.

पुढं बाबांनी परभणीच्या बाजारातून मऊ प्लास्टिकच्या चार वाट्या आणल्या. हलक्या, दाबल्या की दबणाऱ्या. जुन्या जर्मनच्या वाट्या घरात परत घ्यायच्या न्हाई म्हणून मायनं फेकून दिल्या. वाट्या बदलल्या, पण धुवायची रीत तीच राहिली. वाटी बदलली तर रीतबी बदलावी लागंल का, हे कुणाच्या डोक्यातच आलं न्हाई.

आता मायचं सांगते, त्याच्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई. धम्म घेतला तेव्हा माय नवी नवरी होती. त्या वेळी वस्तीत जे ठरलं ते तिनं जसंच्या तसं धरलं. मेलेलं ढोर ओढायचं न्हाई, मागून आणलेलं खायचं न्हाई, अन् घर, अंग, भांडं स्वच्छ ठेवायचं. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांनीच सोडल्या. तिसरीत मायचा हात कुणी धरू शकत न्हाई. आमच्या घरी खरकटं भांडं घटकाभर पडलेलं मी बघितलं न्हाई. ताप असला तरी ती भांडी घासून मग झोपायची. म्हणायची, "आपल्या दारात एक उष्टं दिसलं की लोकं टपलेलीच हायत म्हणायला. कितीबी झालं तरी, असं म्हणतात. ते मला ऐकायचं न्हाई." शेजारी वाळवण घालायला आलेल्या बाया आमच्या भांड्यांची फळी बघून जायच्या. अक्का त्या घरातली मोठी पोरगी. मसाल्याची वाटी तिच्यासाठी निस्तं बाबांचं काम नव्हतं.

अन् मी? मी रोज एसटीनं परभणीला टायपिंगच्या क्लासला जायचे. पहिले इंग्रजी, मग मराठी. घरी मशीन नव्हतं, पण मला कागद लय लागायचे. क्लासमधे कागद आपापले न्यायचे असायचे. रेझिनच्या प्रत्येक डब्यासोबत एक घडी केलेला कागद यायचा, एका बाजूनं बारीक इंग्रजी छापलेलं, दुसरी बाजू कोरी. बाबा ते जपून ठेवायचे अन् मला द्यायचे. मी कोऱ्या बाजूवर ए एस डी एफ बडवायचे, ओळीच्या ओळी. क्लासचे सर म्हणायचे, "हिच्या बोटांना चाकं हायत." ते ऐकून मी आणखी जोरात बडवायचे.

पहिलं अक्काच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. सोड्यानं झालं असंल म्हणून कपड्याचा सोडा बंद केला. मग बारीक पाण्याचे फोड आले. ते फुटले, कातडं निघालं, खाली लाल. मग ते मनगटापर्यंत चढलं. मायनं कडुलिंबाचा पाला उकळून दिला, खोबरेल तेलात हळद कालवून लावली. अक्का दिवसभर हात धुवायची. तिला वाटायचं हात घाण हायत म्हणून होतंय. मसाल्याची वाटी धुऊन झाली की त्याच राखेनं स्वतःचे हात घासायची. हातांना भेगा पडल्या तरी वाटी तिनं सोडली न्हाई. मी एकदा म्हणलं, "आज मी धुते." ती म्हणली, "तुझ्यानं काठाचं निघत न्हाई. बाबांचा पंप गळंल मग."

तीन-चार महिन्यांत हात बघवत नव्हते. कुठं लाल, कुठं काळपट, कातडं जाड होऊन तडकलेलं, अन् मनगटाच्या वर एक डाग आजूबाजूपेक्षा फिका. तो फिका डाग घात करून गेला. नळावर एक बाई म्हणली, "पोरीला कळतंय का तिथं? का बधिर हाय?" तिनं निस्तं विचारलं, पण तिच्या मागं उभ्या असलेल्या बायांनी आपापल्या घागरी जवळ ओढल्या. महारोग हा शब्द कुणी काढला न्हाई. काढायची गरजच नव्हती.

त्यानंतर पौर्णिमा आली. आमचं विहार म्हणजे तेव्हा भिंती अर्ध्या अन् वर पत्रे, पण पौर्णिमेला वंदना झाली की सगळी वस्ती तिथंच बसून खीर खायची. खीर वाढायचं काम मोठ्या पोरींचं. अक्कानं पळी घेतली तशी शेजारची मावशी उठली. ही मावशी म्हणजे माझ्या जन्माच्या वेळी मायपाशी रात्रंदिवस बसलेली बाई, परकी न्हाई. तिनं अक्काच्या हातातून पळी हळूच काढून घेतली अन् म्हणली, "तू बस ग माय. तुझे हात दुखतेत. बस, तुला मी वाढते." किती गोड बोलली. अक्का बसली. मग मावशीनं तिला खीर वाढली ती पानांच्या द्रोणात. बाकी सगळ्यांना वाट्या होत्या.

माणसं बोलत राहिली, पोरं पुन्हा खीर मागत राहिली. मी मायकडं बघितलं. ज्या बाईनं आयुष्यभर एक खरकटं वाटगं दारात दिसू दिलं न्हाई ती आता तोंड उघडंल असं मला वाटलं. मायनं मान खाली घातली अन् खीर संपवली.

अन् घरी आल्यावर जे झालं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं न्हाई. मायनं जेवणाची ताटं मांडली. अक्काचं ताट तिनं वेगळं केलं. काठाला पोचा आलेलं जर्मनचं एक ताट होतं, ते तिनं फळीवरून काढलं, अक्कापुढं ठेवलं, अन् जेवणं झाल्यावर घासून पुन्हा फळीवर ठेवलंच न्हाई. कोनाड्यात उभं केलं, एकटं. तिनं काही म्हणलं न्हाई. आमी कुणी विचारलं न्हाई. दुसऱ्या दिवशी अक्कानं आपणहून कोनाड्यातलं ताट घेतलं. बाबा जेवताना ताटाकडं बघायचेच न्हाईत.

त्यातच मानवतहून सोयरीक आली. पोरगा मास्तर, एकुलता. पंधरा दिवसांनी बघायला येतो म्हणून निरोप. घरात आनंद व्हायला पाहिजे होता. माय म्हणली, "लांब बाह्यांचं पोलकं शिवू. हाताला हळदीचा लेप लावून ठेवू, म्हणावं रीत हाय आमची."

बाबा म्हणले, "अशी कुठली रीत? आधी दवाखान्यात दाखवू."

"अन् दवाखान्यानं तेच म्हणलं तर?"

बाबा हाताचं काळं तेल चिंधीनं पुसत राहिले.

"कागदावर आलं की संपलं," माय म्हणली. "आता निस्तं लोकं कुजबुजायलेत. कागद झाला तर तिला घरात ठेवता यायची न्हाई. अन् माझ्या मामाचं काय झालं तुमाला मालूम हाय. वेशीबाहेर झोपडी घालून दिली अन् भाकरी लांबून टाकायचे."

अक्का चुलीपुढं बसलेली होती. ती म्हणली, "माझं ताट तर आताच बाहेर हाय."

एवढंच. त्यावर माय उठून बाहेर गेली.

परभणीच्या मोठ्या दवाखान्यात कातड्याचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते मी क्लासला जाता-येता पाटीवर वाचलेलं होतं. मी बाबांना सांगितलं. गुरुवारी सकाळी बाबा, अक्का अन् मी निघालो. निघता निघता एक माणूस पंप घेऊन आला, त्याच्या विहिरीत पाणी होतं अन् गहू वाळायला लागला होता, म्हणून बाबांनी घाईत मसाला घोटून चीर भरून दिली. अक्का वाटीकडं वळली तसे बाबा म्हणले, "राहू दे, एसटी जाईल." वाटी तिथंच दगडावर राहिली. आमच्या घरात पहिल्यांदा.

डॉक्टर तरणे होते, शहरातले, चष्म्यातून लय वेळ बघत होते. त्यांनी अक्काला डोळे मिटायला सांगितलं. कापसाची बारीक वात केली अन् त्या फिक्या डागावर टेकवली. "कळलं की बोट लावून दाखव." अक्कानं बोट लावलं. दुसरीकडं टेकवली. पुन्हा बोट. मग टाचणी. "टोचतंय?" "टोचतंय." मनगट, तळवा, बोटं, कोपराजवळची शीर चाचपून बघितली. मी भिंतीला टेकून उभी होते अन् प्रत्येक वेळी अक्काचं बोट बराबर जागेवर गेलं की माझा श्वास सुटायचा.

"हा महारोग नाही," डॉक्टर म्हणले. "उघड डोळे. हा नाहीच तो. पण कशानं तरी हात जळतायत. काय काम करतेस?"

"घरचं," अक्का म्हणली.

"घरचं म्हणजे?"

"सैपाक. धुणं. भांडी."

डॉक्टर सोड्याबद्दल, साबणाबद्दल, शेतातल्या फवारणीबद्दल विचारायला लागले. बाबा सगळ्याला न्हाई न्हाई म्हणायले. अन् मी मधेच बोलले, मला राहवतच न्हाई, "अन् मसाल्याच्या वाट्या धुते ना ती."

"कसला मसाला? तिखटाचा?"

मग बाबांनी सांगितलं. दोन डबे, हार्डनर, राकेल, राख, सगळं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. डॉक्टरांनी अक्काचे हात पुन्हा घेतले, नाकाजवळ नेले, अन् म्हणले, "तेच. ओला असताना तो कातडीला खातो. अन् राकेलनं पुसलं की आणखी आत जातो, राखेनं घासलं की वरचं कातडंच निघून जातं. हिनं आता त्याला हात लावायचा नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. एकदा अंगानं त्याच्याशी वैर धरलं की जन्मभर धरतं. तुम्हीसुद्धा हातमोजे घाला." मलम दिलं. महारोग नाही अशी चिठ्ठी मी मागितली, बाबांना सुचलं न्हाई. त्यांनी दिली.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीपाशी बसले होते. बोलले ते एकदाच, तेबी आमच्याकडं न बघता. "मी लगेच धू म्हणत होतो."

अक्का म्हणली, "तुमाला काय मालूम होतं."

"मला मालूम असायला पाहिजे होतं. मसाला माझा."

घरी आलो तर माय पत्र्याखाली बसलेली. तिच्यापुढं ती सकाळची वाटी, न धुतलेली. ती म्हणली, "मी हात लावला न्हाई. काय करावं समजंना." बाबांनी आधी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिला वाचता येत न्हाई, तरी तिनं ती उलटी-सुलटी करून बघितली. मी वाचून दाखवली.

बाबांनी वाटी उचलली. तळाशी मसाला वाळून काळा, कडक झालेला, काडी त्यात उभी. त्यांना ती फेकायचीच होती. सहज म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी वाटी दाबली, पिळली. टक् असा आवाज झाला अन् सगळा मसाला एकदम सुटून बाहेर आला, साच्यातून गुळाची भेली निघते तसा. आत वाटी कोरी. खाचेतबी काही न्हाई. अक्कानं नखानं काढूनबी इतकी साफ कधी निघाली नव्हती.

बाबांनी ती भेली हातात धरली. वाळलेला मसाला, त्याला वास न्हाई, चिकट न्हाई, कुणाला काही करत न्हाई. मायनं वाटी घेतली, उन्हात धरून फिरवून बघितली, अक्का बघायची तशीच. म्हणली, "म्हणजे धुवायचंच नव्हतं?"

"जर्मनच्या होत्या तेव्हा धुवायला लागायचं," बाबा म्हणले. "या आणल्यापासून नव्हतं."

"तशीच पडू द्यायची होती?"

"व्हय."

"दारात?"

बाबांनी मान हलवली. मायनं वाटी खाली ठेवली.

मी आत गेले. माझ्या टायपिंगच्या कागदांचा गठ्ठा काढला अन् पहिल्यांदा ते उलटे केले. बारीक इंग्रजी होतं, पण मी ते वाचू शकत होते, सगळं न्हाई तरी निम्मं. चौथ्या की पाचव्या ओळीत होतं, कातडीला लागू देऊ नये. ओला असताना हाताळू नये. भांड्यात राहिलेलं पूर्ण कडक झाल्यावर काढावं. कडक झाल्यावर काढावं, हेसुद्धा होतं. असे माझ्याकडं तीस-पस्तीस कागद होते अन् प्रत्येकाच्या मागं माझं ए एस डी एफ. वर्षभर ते माझ्या हाताखालून गेले. मी इतक्या जोरात बडवायचे की माझी अक्षरं दुसऱ्या बाजूला उमटून त्या छापलेल्या ओळींवर खड्डे पडलेले. मी ते अक्काला दाखवले. लपवावं असं मनात आलं होतं, पण दाखवले. तिनं बघितलं अन् म्हणली, "मला कुठं इंग्रजी येतं," अन् परत देऊन टाकले. मी अजून त्या वाक्याचा अर्थ लावायले.

त्या संध्याकाळी मायनं कोनाड्यातलं ताट काढून बाकीच्या ताटांत मिसळलं. अक्का उठली, ते ताट ओळखून काढलं, पुन्हा कोनाड्यात ठेवलं अन् त्यातच जेवली. माय म्हणली, "कामून ग? डॉक्टरनं सांगितलंय ना आता."

"डॉक्टरनं सांगायच्या आधीबी मी हीच होते," अक्का म्हणली.

मानवतचे लोक ठरल्या दिवशी आले. मायनं शिवलेलं लांब बाह्यांचं पोलकं खुंटीला तसंच राहिलं. अक्का साध्या पोलक्यात आली, हातावर निस्तं मलम. पोराची आई बघतच राहिली. अक्कानं चहाचं ताट खाली ठेवलं अन् कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं, हात कशानं असे झाले, कोण काय म्हणतंय, चिठ्ठी काय म्हणते. "अन् त्या मसाल्याला मला आता जन्मात हात लावता यायचा न्हाई," म्हणली. बाबांनी चिठ्ठी दिली. पोरगा मास्तर, त्यानं वाचली. मग त्यानं एकच विचारलं, "लिहिताना दुखतं का?" अक्का म्हणली, "लिहिताना न्हाई. मीठ लागलं की दुखतं." मला तो पोरगा आवडला होता. पण आठ दिवसांनी निरोप आला की पोराच्या मामाचं मन न्हाई. चहा सगळ्यांनी पेला होता, फक्त पोराच्या आईचा पेला तसाच भरलेला राहिला होता. मायनं तो उचलून मागल्या दारी ओतला.

अक्काचे हात भरायला चार महिने लागले. बाबांनी पत्र्याखालचं काम घरापासून लांब, रस्त्याच्या कडेला नेलं, म्हणजे वाराबी तिच्याकडं नको. वाट्या आता दिवसभर उन्हात तशाच पडलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी पिळायच्या, झटकायच्या, झालं. रस्त्यानं जाणारे म्हणतात, फिटर आळशी झाला.

हात बरे झाल्यावरच्या पौर्णिमेला मावशीनं स्वतः अक्काला हाक मारली, "ये ग, पळी घे." अक्का उठायच्या आत माय उभी राहिली. माय चार माणसांत कधी बोललेली न्हाई. ती म्हणली, "थांबा जरा. त्या दिवशी तुमी हिला द्रोणात वाढलं. मी गप्प बसले. मग घरी जाऊन मी हिचं ताट बाजूला काढलं. माझ्या पोरीचं. आपल्याला लांबून पाणी वाढणाऱ्या लोकांना मी जन्मभर शिव्या दिल्या, अन् मला ते करायला कुणी शिकवावं लागलं न्हाई." एवढं बोलून ती खाली बसली. मावशी डोळ्याला पदर लावून बसली. अक्कानं पळी घेतली अन् ओळीनं सगळ्यांना वाढलं, मावशीला वाढलं, मायला वाढलं. मायनं वाटी दोन्ही हातांनी धरली होती. अक्कानं तिच्याकडं बघितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसताना मायनं कोनाड्यातलं ताट स्वतःपुढं घेतलं. अक्कानं फळीवरून मायचं ताट काढलं अन् त्यात जेवली. बास. पुढं दीड वर्षानं तिचं सेलूकडं लग्न झालं, सुखात हाय. पण तिनं त्या ताटाबद्दल आजपर्यंत एक शब्द काढलेला न्हाई, अन् माय अजून त्याच ताटात जेवते. मी सुट्टीला गेले की दोघींच्या मधे बसते अन् मला वाटतं, आता विचारावं. विचारत न्हाई.

शिपाईमामा दोनदा खाकरलेत. थांबते. पण तुमाला विचारायचंच हाय, म्हणून तर एवढं बडवलं. तुमच्या घरात असं झालं होतं का? कुणाचं ताट, कुणाचा पेला, कुणी काही न बोलता बाजूला ठेवला होता का? अन् नंतर तो परत कुणी मिसळला, का तो अजून तिथंच हाय?